वाटाण्यांचा हिशेब आणि पेशीतले धागे

[दृश्य: ग्लासभर पाण्यावर ठेवलेला कांदा, खाली फुटलेली पांढरी मुळं]

कांद्याचं बूड पाण्याला टेकवून ठेवलं की दोन-तीन दिवसांत मुळं फुटतात. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला त्यातलं फक्त टोक हवं असतं, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं. मूळ वाढतं ते तिथूनच, कारण तिथल्या पेशी विभाजित होत असतात, म्हणजे एकीच्या दोन होत असतात. हे टोक अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात टाकतात. पेशी जशी होती तशीच थांबते. मग सौम्य आम्लात गरम करून ते मऊ करायचं, अ‍ॅसिटोकार्मिनचा लाल रंग द्यायचा आणि कव्हरस्लिप ठेवून अंगठ्यानं दाबायचं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली लालसर पेशींच्या रांगा]

बहुतेक पेशींत फक्त एक गोल केंद्रक दिसतं, काहीच घडत नसल्यासारखं. पण विभाजनाची खरी तयारी याच काळात होते. इथं सगळा डीएनए दुप्पट होतो. म्हणून पुढे गुणसूत्र, म्हणजे डीएनएचा धागा, नजरेला पडतं तेव्हा ते आधीच जोड असतं: एकाच मजकुराच्या दोन प्रती, गुणसूत्रबिंदू या सांध्यापाशी एकमेकींना धरून.

विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात, पूर्वावस्थेत, हे लांबलचक धागे आखडतात, जाड होतात. केंद्रकातला गडद ठिपका, केंद्रकी, नाहीशी होते, केंद्रकाचं आवरण विरतं.

[दृश्य: पेशीच्या मधोमध ओळीत आलेली गुणसूत्रं]

ही मध्यावस्था. इथं जरा थांबून बघा. कांद्याची सोळा गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर आली आहेत आणि दोन्ही टोकांकडून आलेल्या तर्कुतंतूंनी, म्हणजे ओढणाऱ्या बारीक दोऱ्यांनी, प्रत्येकाला धरलं आहे. रस्सीखेचीत दोन्ही संघ तुल्यबळ असावेत तसा हा ताण आहे, आणि पेशीला तो हवाच असतो. एखादं गुणसूत्र दोन्ही बाजूंनी नीट धरलं गेलं नसेल, तर पेशी पुढचं पाऊल टाकत नाही. ते एक जागेवर येईपर्यंत बाकीची पंधरा थांबून राहतात.

मग पश्चावस्था, चौघींत सर्वांत छोटी. जोड सुटतात आणि दोन प्रती दोन टोकांना ओढल्या जातात. अंत्यावस्थेत दोन्हीकडे नवं आवरण तयार होतं, मध्ये नवी भित्तिका उभी राहते. सोळाच्या सोळा गुणसूत्रं या पेशीतही, त्या पेशीतही. हे झालं सूत्री विभाजन.

[दृश्य: जुन्या शास्त्रीय आकृत्या, सॅलॅमँडरची पिल्लं]

हा क्रम जर्मनीतल्या कील इथं वॉल्थर फ्लेमिंग यांनी बारकाईनं चितारला. सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या पिल्लांच्या पेशी मोठ्या असतात, धागे ठळक दिसतात. त्यांचा ग्रंथ 1882 साली आला. धागे दुभंगतात, प्रती वाटल्या जातात, हे त्यांना दिसलं होतं. त्यातून काय वाटलं जातं, याचं उत्तर मात्र तेव्हा दुसऱ्याच एका निबंधात पडून होतं.

[दृश्य: ब्रनोच्या मठातली बाग]

आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनोच्या मठात ग्रेगोर मेंडेल यांनी वर्षानुवर्षं वाटाणे लावले आणि मोजले. गोल बियांच्या आणि सुरकुतलेल्या बियांच्या झाडांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे वाटाणे गोल. दुसऱ्या पिढीत सुरकुत्या परत आल्या: 5,474 गोल, 1,850 सुरकुतलेले. जवळपास तीनास एक. मेंडेल यांनी अर्थ लावला की प्रत्येक गुणासाठी झाडात दोन घटक असतात आणि पुढच्या पिढीला त्यांतला एकच जातो. हा निबंध 1866 साली छापला गेला. 1884 साली मेंडेल वारले, आणि त्याचं महत्त्व लोकांना उमगलं 1900 साली. विज्ञानाच्या इतिहासातली ही चौतीस वर्षं मला फार अस्वस्थ करतात.

[दृश्य: टोळ, मग वेगवेगळ्या लांबीच्या गुणसूत्रांच्या जोड्या]

दोन टोकं जुळवली वॉल्टर सटन या पंचविशीतल्या अमेरिकन विद्यार्थ्यानं, 1902 आणि 1903 साली. त्यानं टोळाच्या पेशी पाहिल्या. त्यातली गुणसूत्रं लहान-मोठी असतात, त्यामुळे कोणाची जोडी कोणाशी हे ओळखता येतं. ही जोडी म्हणजे मघाच्या दोन प्रती नव्हेत; यातलं एक गुणसूत्र आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. शुक्रपेशी तयार होताना जोडीतलं एक इकडे, एक तिकडे जातं. मेंडेलचे घटकही असेच वागतात! जर्मनीत थिओडोर बोव्हेरी स्वतंत्रपणे याच विचाराशी पोचले होते.

या विभाजनाला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. त्यात जोडीतली गुणसूत्रं आधी एकमेकांना बिलगतात, तुकड्यांची अदलाबदल करतात आणि मग वेगळी होतात. कोणतं कुठल्या बाजूला जाईल हे योगायोगावर. माणसात 23 जोड्या आहेत. नुसत्या या वाटपाचेच 83,88,608 प्रकार होतात. अदलाबदल धरली तर मोजदादच नाही. सख्खी भावंडं एकमेकांसारखी असूनही वेगळी असतात ती यामुळे.

[दृश्य: बीजांडपेशी]

स्त्रीच्या शरीरात हे विभाजन तिच्या जन्माआधीच सुरू होतं आणि पूर्वावस्थेतच थांबतं. पुढे जातं ते त्या-त्या बीजांडपेशीची पाळी आल्यावर: कधी पंधरा वर्षांनी, कधी चाळीस. इतका काळ जोडी धरून ठेवणारे बंध सैल पडू शकतात, आणि मग एखादी जोडी वेगळी न होता एकाच बाजूला जाते. वयाबरोबर ही शक्यता वाढते. यात दोष कोणाचाच नसतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत 46 ऐवजी 47 गुणसूत्रं असतात, एकविसावं तीनदा, हे 1959 साली पॅरिसच्या संशोधकांनी जाहीर केलं. त्याआधी कित्येक दशकं लोक आयांना त्यांची कारणं विचारत होते.