मुळाशी बसवलेली राखण

नमस्कार, श्रोते हो.

तुमच्यापैकी जे शेती करतात, त्यांनी हे नक्की पाहिलेलं असेल. हरभऱ्याचं रान हिरवंगार आहे, फुलं लागली आहेत, घाटे धरायला सुरुवात झाली आहे, आणि मधेच एखादं झाड मान टाकतं. काल संध्याकाळी ते बरं होतं. पाणी कमी पडलं असेल म्हणून आपण पाणी देतो, तर दोन-चार दिवसांनी शेजारचंही झाड मान टाकतं. अशा वेळी एक करा. ते झाड मुळासकट हलकेच उपटा आणि त्याचं खोड चाकूनं उभं चिरा. साल वरून धड दिसते, मूळही कुजलेलं नसतं, पण आत मधोमध एक काळपट तपकिरी रेघ खालून वर गेलेली असते. पाणी वर नेणाऱ्या नळ्या त्या जागी असतात. त्यांच्यात फ्युजेरियम नावाची बुरशी शिरलेली असते, आणि तिला अडवायला झाडानं स्वतःच त्या नळ्या डिंकासारख्या पदार्थानं बुजवायला घेतलेल्या असतात. पायाखालची माती ओली आणि झाड मात्र तहानेनं मेलेलं! मर रोग म्हणतात तो हा.

ती रेघ दिसली की आपण फवारणीचा पंप बाहेर काढतो. मला आज तुमच्याशी बोलायचंय ते नेमकं याच गोष्टीवर. ती रेघ दिसण्याच्या किती तरी आधी, पेरणीच्याही आधी, मातीत एक लढाई सुरू झालेली असते. त्या लढाईत आपल्या बाजूनं लढणारे जीव आहेत. पण ते आधीपासून तिथं मुक्कामाला असावे लागतात. पीक राखायला माणूस कणसं भरण्याआधी माळ्यावर बसवतो ना आपण? पाखरं येऊन गेल्यावर राखण बसवून काय होणार?

आधी शत्रूची ओळख करून घेऊ. फ्युजेरियमला पीक मिळालं नाही तरी ती मरत नाही. जाड भिंतीचे बीजाणू करून ती मातीत झोपून राहते, हरभऱ्याच्या मर रोगात तर पाच-सहा वर्षंसुद्धा. स्क्लेरोटियमची बुरशी मोहरीच्या दाण्यासारख्या तपकिरी गाठी करून ठेवते. खोडाच्या बुंध्याशी पांढऱ्या धाग्यांत त्या गाठी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. रोपवाटिकेत रोपं जमिनीलगत पिचून कोलमडतात ती बहुतेकदा पिथियममुळे. पिथियम आणि फायटोफ्थोरा यांना आपण सवयीनं बुरशी म्हणतो, पण खरं तर त्या वेगळ्या कुळातल्या. खऱ्या बुरशीच्या पेशींची भिंत कायटिनची, झिंग्याच्या कवचात असतं त्याच पदार्थाची. यांच्या भिंतीत सेल्युलोज असतं. हा फरक मी उगाच सांगत नाहीये. एखादं बुरशीनाशक एका रोगावर छान चालतं आणि दुसऱ्यावर पाण्यासारखं वाया जातं, त्याचं एक कारण इथं आहे.

आता आपल्या बाजूचे. प्रयोगशाळेतली एक काचेची थाळी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात बुरशीला खाद्य म्हणून पारदर्शक जेलीसारखा थर ओतलेला आहे. एका कडेला रायझोक्टोनिया, मूळकूज करणारी, तिचा ठिपका. समोरच्या कडेला ट्रायकोडर्मा, आपल्या बाजूनं लढणारी बुरशी. पहिल्या दिवशी दोघीही पांढऱ्या कापसासारख्या. दोन-तीन दिवसांत ट्रायकोडर्मा अर्धी थाळी पार करून समोरच्या बुरशीला भिडते. मग ती थांबत नाही, तिच्यावर चढते. पाचव्या-सहाव्या दिवशी सगळी थाळी गर्द हिरवी झालेली असते, ट्रायकोडर्माच्या बीजाणूंनी. दोघी जिथं भेटल्या तिथला जरासा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की मला अजूनही, इतक्या वर्षांनंतरही, पाहत बसावंसं वाटतं. रायझोक्टोनियाचा धागा जाड, काटकोनात फुटलेला. त्याच्याभोवती ट्रायकोडर्माचा बारीक धागा वेलीनं काठीला वेढे घालावेत तसा गुंडाळलेला. जिथं वेढा बसलाय तिथं जाड धाग्याला भोकं पडलेली आणि आतला ऐवज रिकामा होत चाललेला. भिंत विरघळवणारी विकरं ट्रायकोडर्मा स्वतः सोडते: कायटिन फोडणारी, ग्लुकान फोडणारी, आणि सेल्युलोज फोडणारीसुद्धा. त्यामुळे पिथियमची वेगळी भिंतही तिला आडवी येत नाही.

ही गोष्ट नवी नाही. रिचर्ड वाइंडलिंग या शास्त्रज्ञानं १९३२ साली ट्रायकोडर्मा मातीतल्या इतर बुरशींवर परोपजीवी म्हणून जगते हे दाखवून दिलं. त्याच्याही आधी, १९०४ साली, लोरेंझ हिल्टनर यांनी मुळाभोवतीच्या त्या पातळ थराला ऱ्हायझोस्फिअर हे नाव दिलं होतं. आपण त्याला मूळपरिसर म्हणू. पान उन्हात जे अन्न तयार करतं, त्यातला बराच वाटा झाड मुळांवाटे मातीत सोडून देतं: साखर, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं. हे वाया जात नाही. या अन्नाच्या ओढीनं मुळाभोवती इतकी दाट वस्ती होते, की चार बोटं पलीकडची माती तिच्यापुढे ओसाड वाटावी. झाड स्वतःच्या दारात अन्न टाकून पाहुणे जमवतं. प्रश्न एवढाच, की आधी कोण येऊन बसतं?

या वस्तीतला दुसरा जीव म्हणजे सुडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू. त्याची लढाई लोहाची असते. मातीत लोह भरपूर असतं, पण बहुतेक गंजासारख्या न विरघळणाऱ्या रूपात, आणि चुनखडीच्या जमिनीत तर फारच घट्ट अडकलेलं. लोहाशिवाय बुरशी वाढू शकत नाही. सुडोमोनास लोह पकडणारे रेणू बाहेर सोडतो, त्यांना सिडेरोफोर म्हणतात. ते लोहाला अशी मिठी मारतात की रोगकारक बुरशीच्या हाती काही उरत नाही, आणि भरलेले रेणू जिवाणू परत आत घेतो. अंधाऱ्या खोलीत याची थाळी अतिनील दिव्याखाली धरली तर पिवळसर हिरवी चमकते. ती चमक या सिडेरोफोरचीच, आणि जिवाणूच्या नावातला ‘फ्लुरोसन्स’ही त्यावरूनच आला. बॅसिलस सबटिलिस हा तिसरा. त्याची मोठी जमेची बाजू म्हणजे तो टणक बीजाणू करतो, त्यामुळे उष्णता आणि कोरडेपणा सोसून टिकतो.

यांच्यातले काही जण मुळावर राहूनच झाडाला सावध करतात. जिवाणू असतो मुळाशी, आणि पानावर रोग आला तर पान आधीपेक्षा लवकर आणि जोरात प्रतिकार करतं. जिवाणू पानापर्यंत पोचलेलाही नसतो.

गव्हाच्या बाबतीत घडलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गव्हाला टेक-ऑल नावाचा रोग होतो, मुळ्या काळ्या पडून कुजतात. एकाच जमिनीत वर्षानुवर्षं गहूच घेतला तर तो वाढत जातो, अगदी पीक हातचं जावं इतका. आणि मग, शेतकऱ्यानं धीर धरून गहूच घेत राहिलं, तर काही वर्षांनी रोग आपोआप उतरतो. तीच रोगकारक बुरशी जमिनीत असते, तोच गहू असतो, पण रोग दिसत नाही. संशोधकांनी या जमिनीतली थोडीशी माती घेऊन रोगट मातीत मिसळली, तर तिथंही रोग कमी झाला. तीच माती आधी तापवून घेतली तर गुण नाहीसा झाला. म्हणजे तो गुण जिवंत होता. रोगट मुळ्यांवर रोगाच्या बुरशीला मारणारं प्रतिजैविक बनवणाऱ्या सुडोमोनासची संख्या वर्षागणिक वाढत गेली होती. इतकी वर्षं नुकसान सोसून वाट पाहा, असं मी कुणाला सांगणार नाही. फेरपालट केव्हाही बरी. पण माती स्वतःची राखण उभी करू शकते, एवढं यातून दिसतं.

याची उलट बाजूही ध्यानात घ्या. रोपवाटिकेत माती वाफेनं पूर्ण निर्जंतुक केली आणि तशीच ठेवली, तर ती सगळ्यात बेवारस माती. पाण्यातून किंवा कुणाच्या हातापायांतून पिथियमचा एक कण आत आला, की त्याला अडवणारं कुणी नाही, आणि तो अख्ख्या ट्रेमध्ये पसरतो. म्हणून निर्जंतुक केलेल्या मातीत लगेच ट्रायकोडर्मा मिसळून ती जागा भरून टाकायची.

आता वापराबद्दल. बियाण्याला ट्रायकोडर्माची पूड लावताना दर किलोला साधारण ४ ते १० ग्रॅम लागते, पाकिटावर लिहिलेलं प्रमाण पाहून घ्या. बियाणं किंचित ओलसर करून चोळा, सालीला इजा होणार नाही असं. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बियाण्याला रासायनिक औषध लावायचंच असेल तर ते आधी आणि जिवाणू शेवटी. आणि हे नीट लक्षात असू द्या: कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर ट्रायकोडर्मा लावू नका. ती बुरशी आहे, बुरशीनाशकानं ती मरणारच. तसंच तांब्याची औषधं आणि स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविकं सुडोमोनासला बाधतात. त्यांच्यात निदान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. एकाच पंपात सगळं घालून एका फेरीत मोकळं होण्याचा मोह मी समजू शकतो, मजुरी वाचते. पण त्यात आपण विकत आणलेले जीव आपल्याच हातानं मारतो.

एकदा माझ्याकडे एक शेतकरी ट्रायकोडर्माचं पाकीट घेऊन आले. म्हणाले, “दोन वर्षं टाकतोय, काडीचा फरक नाही. थोतांड आहे हे.” त्यांच्या बोलण्यात राग होता, आणि तो खोटा नव्हता, टोमॅटोचं पीक गेलं होतं त्यांचं. मी त्या पाकिटातली चिमूटभर पूड पाण्यात पातळ करून थाळीत टाकली. आठवडा गेला. थाळीत ट्रायकोडर्माची एकही वसाहत उगवली नाही. पाकिटाची मुदत संपलेली नव्हती, पण ते वाटेत कुठं तरी पत्र्याखाली उन्हाळाभर भाजून निघालेलं असणार. त्या माणसानं दोन वर्षं प्रामाणिकपणे, सांगितलेल्या प्रमाणात, मेलेली पूड शेतात टाकली होती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: तयार झाल्याची तारीख बघा, ताजं घ्या, थंड सावलीच्या जागी ठेवा. दुपारच्या उन्हात बांधावर पाकीट उघडं टाकून ठेवू नका.

मर्यादाही सांगायलाच हव्यात. हे जीव मातीत, मुळाशी सगळ्यात भरवशाचे. पानावर ऊन असतं, कोरडं वारं असतं, तिथं त्यांचा टिकाव कमी लागतो. भुरीच्या बुरशीत शिरून तिला संपवणारी अँपेलोमायसेस ही बुरशी आहे, पण तिलाही हवेत ओलावा लागतो. आणि बटाट्यावर उशिराचा करपा आलाय, आभाळ भरलेलं आहे, पानं दिवसरात्र ओली आहेत, अशा वेळी फक्त जिवाणूंवर विसंबून बसू नका. तो रोग आठ-दहा दिवसांत रान काळं करतो. तिथं शिफारशीतलं बुरशीनाशक वेळेवर फवारलंच पाहिजे. एकच औषध मात्र पुन:पुन्हा मारू नका. बेनोमिल या बुरशीनाशकाच्या गटातली औषधं १९६० च्या दशकाच्या अखेरीला आली आणि दोन-तीन वर्षांतच त्यांना न जुमानणाऱ्या बुरशी दिसू लागल्या. अळिंबी पिकवणाऱ्यांनी तर ट्रायकोडर्मापासून चार हात दूरच राहावं, कारण त्यांच्या वाफ्यावर तिच्याच एका भावकीमुळे हिरव्या बुरशीचा रोग येतो.

आणि शेवटी खताचा ढीग, कारण नुसती पूड जमिनीवर भुरभुरली तर या जिवांना खायला काही नसतं. चांगलं कुजलेलं शेणखत घ्या. ताजं नको, ते आतून तापतं आणि त्या उष्णतेत ट्रायकोडर्मा मरते. ढिगात हात घालून बघा, गार लागला पाहिजे. १०० किलो शेणखतात एक किलो ट्रायकोडर्माची पूड सारखी मिसळा. पाणी इतकंच शिंपडा, की मूठ आवळली तर लाडूसारखा गोळा व्हावा पण बोटांतून थेंब गळू नये. झाडाच्या सावलीत ओल्या बारदानानं झाकून ठेवा आणि तीन-चार दिवसांनी एकदा खालीवर करा. आठवड्यानंतर सकाळी बारदान उचला. खताच्या ढेकळांवर आधी पांढरी जाळी आणि तिच्यावर हिरवी भुकटी पसरलेली दिसेल, ओल्या मातीचा वास येईल. हिरवं दिसलं, की त्याच दिवशी ते खत सरीत टाकून मातीआड करा, जमीन वाफशावर असताना, पेरणीच्या आधी.

नमस्कार.