माउसला बोट ओळखता येतं का?

नमस्कार मंडळी! काही माउस बोटाचा ठसा वाचतात: वर बोट टेकवायचं, पासवर्ड टाइप करायची कटकट नाही. भारी वाटतं ना? पण बोट ओळखतं कोण, माउस की कॉम्प्युटर? सगळी मेख तिथेच आहे.

सीमेन्स या जर्मन कंपनीचा जुना आयडी माउस घेऊ. त्यात बोटाचं टोक मावेल एवढी एक चिप आहे आणि तिच्यात हजारो बारीक प्लेट्स. बोट टेकवलं की समोरची प्लेट होते तुमची कातडी! ठशातली उंच रेष चिपला टेकते, तिथे कपॅसिटन्स, म्हणजे दोन प्लेट्समध्ये विजेचा भार साठवायची क्षमता, वाढतो. दोन रेषांमधल्या चरात हवा असते, तिथे तो कमी भरतो. असा एकेक ठिपका मोजत चित्र तयार होतं: 225 बाय 289, म्हणजे जेमतेम 65 हजार ठिपके. काही माउसमध्ये चिपऐवजी काच आणि प्रकाश असतो, पण शेवटी हाती येतं ते चित्रच.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये या माउसचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला माउसशी बोलू देणारा प्रोग्रॅम, आहे, नाव आयडीमाउस. तो काय देतो? फक्त करड्या रंगाचा एक फोटो. हा कोणाचा अंगठा, हे माउसच्या गावीही नसतं!

पुढचं काम कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरचं. रेष कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, त्या जागा आणि दिशा ते टिपतं आणि साठवलेल्या नोंदीशी ताडून पाहतं. तंतोतंत जुळणी कधीच होत नाही, 'पुरेसं जुळलं' इतकंच ठरतं. रेशन दुकानात कष्टाने झिजलेला अंगठा पुन्हा पुन्हा लावावा लागतो, तो यामुळेच.

आता खरी गोम. फोटो माउसमधून कॉम्प्युटरकडे जातो तो वायरवरून. मायक्रोसॉफ्टने 2004 मध्ये फिंगरप्रिंट रीडर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायचं ठसा वाचणारं यंत्र, आणला, आणि तो संवेदनशील माहितीसाठी वापरू नका असं स्वतःच सांगितलं. 2006 मध्ये मिक्को किविहार्यू या फिनलंडच्या संशोधकाने दाखवलं, की त्यातून ठशाचा फोटो एन्क्रिप्ट न होताच, म्हणजे गुप्त संकेतात न बदलता उघडाच, बाहेर पडतो. वाटेत कोणी तो उचलला तर? पासवर्ड बदलता येतो हो, अंगठा कुठून बदलणार?

म्हणून आज असा माउस घ्यायचा असेल, तर चकचकीत खोका बघू नका. 'मॅच ऑन चिप' लिहिलंय का ते शोधा. म्हणजे जुळणी सेन्सरमध्येच होते आणि ठसा बाहेर जात नाही. ते नसेल, तर माझं मत विचाराल तर साधा माउस आणि लांबलचक पासवर्ड बरा.