पिटोसिन लावलंय आणि एपिड्युरल नाही? थेंब नका मोजू, कळा मोजा

नमस्कार. मागे खिडकीच्या गजाला सलाईनची बाटली लटकलेली दिसतेय ना, घरात कुणी आजारी नाही. खाली बादली ठेवलीय. ते कशासाठी ते सांगते, आधी ही कमेंट वाचते. "ताई, एक्केचाळिसावा आठवडा लागलाय, डॉक्टर म्हणाले परवा ॲडमिट व्हा, कळा आणू. आमच्या गावात एपिड्युरल मिळत नाही. मला जमेल का?" एपिड्युरल म्हणजे कळांचं दुखणं कळू नये म्हणून पाठीत देतात ती भूल. याच्या खाली सतरा जणींनी लिहिलंय "मलाही हेच विचारायचंय". आणि एका दादांनी लिहिलंय, "आमच्या आजीला बारा मुलं झाली, सगळी शेतात, इंजेक्शन नाही की काही नाही." दादा, आजीला पिटोसिन, म्हणजे कळा आणायचं औषध, ते पण लावलं नव्हतं हो. आणि बारांपैकी हाताशी किती आली, तेही एकदा घरात विचारा.

बेसिक पटकन उरकते, त्यावर आधीचे दोन व्हिडिओ आहेत. तारीख उलटली, पाणी गेलं पण कळा नाहीत, बीपी वाढलं, शुगर आहे, बाळाची वाढ अडली, यातलं काही असलं की कळा आणतात. आधी पीव्ही, म्हणजे आतून तपासणी, करतात. गर्भपिशवीचं तोंड किती मऊ, किती उघडलंय, बाळाचं डोकं किती खाली आलंय, याला मार्क देतात. त्याला बिशप स्कोर म्हणतात, १९६४ पासून चालत आलेली पद्धत. मार्क कमी असतील तर तोंड तयार व्हायला जेल, नाहीतर मिसोप्रोस्टॉलची गोळी, नाहीतर फोलीचा फुगा, म्हणजे तोंडातून आत घालून फुगवायची नळी. तोंड तयार असलं की पाणमोट फोडायची आणि सलाईनमधून ऑक्सिटोसिन, ज्याला आपण सगळे पिटोसिनच म्हणतो. गोळी बरी की फुगा, हेही सारखं विचारता. बीपी वाढलेल्या बायकांवर याचा मोठा अभ्यास आपल्या नागपुरातच झालाय, दोन सरकारी रुग्णालयांत, ६०२ बायकांवर, २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. चोवीस तासांत नॉर्मल डिलिव्हरी होण्याचं प्रमाण गोळीवाल्यांत जास्त निघालं. पण तुम्हाला काय लावायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील, मी नाही. झालं बेसिक.

नाही, एक राहिलं. रात्री जेल लावलं म्हणजे सकाळी बाळ, हे डोक्यातून काढा. पहिलटकरणीला नुसतं तोंड मऊ होण्यातच एक दिवस जाऊ शकतो. त्या दिवशी जेवा, झोपा, मोबाईल बघा. पहिल्या बारीक कळेपासून श्वासाचे प्रकार सुरू केलेत तर खऱ्या कळांना अंगात काही शिल्लक राहत नाही.

आता मुद्द्यावर. आणलेल्या कळा जास्त दुखतात का? हो. हे मी घाबरवायला सांगत नाहीये. इंग्लंडच्या २०२१ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही लिहिलंय की बाईला आधीच सांगा, आपोआप आलेल्या कळांपेक्षा यात दुखण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे कोण सांगतं? "सगळ्यांनाच दुखतं" म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे जातात.

कारण साधं आहे. आपोआप कळा येतात तेव्हा शरीर तास न् तास हळूहळू चढत जातं. आणि तेव्हा ऑक्सिटोसिन मेंदूतूनच सुटत असतं, तिथेही त्याचं काम चालू असतं, बाईला एक प्रकारची गुंगी येते. सलाईनमधलं औषध रक्तातून पिशवीपर्यंत पोचतं, मेंदूत जवळजवळ पोचतच नाही. म्हणजे कळा मिळाल्या, गुंगी नाही मिळाली. वर कळा लवकर जोरात येतात आणि जवळजवळ येतात.

हा 'जवळजवळ' शब्द धरून ठेवा. मी अकरा वर्षं लेबर रूमची ड्युटी केलीय. बाई मोडते ती कळेमुळे नाही. मधला आराम मिळाला नाही की मोडते. एक मिनिट कसंही निघतं. पण त्यानंतरची दीड-दोन मिनिटं पोट सैल पडायला पाहिजे, डोळे मिटायला पाहिजेत, पाण्याचा घोट जायला पाहिजे. तो आराम गेला की कितीही खंबीर बाई असू दे, "माझं सीझर करा" म्हणणारच.

आता बाटलीकडे या. (सलाईनच्या सेटची चाकी सरकवत) यात नुसतं पाणी आहे, काळजी नको. हा चेंबर बघा. एक... दोन... तीन... हे साधारण मिनिटाला आठ थेंब. आता वाढवते. टपटपटपटप, हे तीस झाले. आवाज ऐकलात? रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये हा आवाज सुद्धा ऐकू येतो बाईला.

आणि इथेच माझं डोकं फिरतं. सगळे थेंब मोजतात! कमेंटमध्ये तर स्पर्धाच लागलीय. "मला चोवीस थेंबांवर झाली", "माझ्या जावेला सोळा थेंबांतच झाली, मला चाळीस का लावले?" अगं, बाटलीत किती युनिट घातले होते ते माहितीये का? कुणी अर्ध्या लिटरमध्ये २ युनिट घालतं, कुणी ५, कुणी १०. वीस थेंबांचा एक मिली धरला, तर ५ युनिटच्या बाटलीतले आठ थेंब म्हणजे मिनिटाला ४ मिलियुनिट (युनिटचा हजारावा भाग), आणि १० युनिटच्या बाटलीतले तेच आठ थेंब म्हणजे ८. औषध मोजून सोडणारा पंप असेल तर थेंब मोजायचा प्रश्नच नाही. त्यामुळे जावेचे थेंब आणि तुमचे थेंब यांची तुलना होऊच शकत नाही. थेंब सोडा, कळा मोजा.

कशा मोजायच्या? हे काम बाईचं नाही, सोबतचीचं. घड्याळ समोर ठेवा. पोटाच्या वरच्या भागावर, बेंबीच्या वर, हात सपाट ठेवा. बोटांनी टोचायचं नाही. आता स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला हात लावा, मग हनुवटीला, मग कपाळाला. पोट नाकाच्या शेंड्याइतकं लागलं तर कळ हलकी, हनुवटीसारखं लागलं तर मध्यम, कपाळासारखं कडक झालं तर जोराची. दहा मिनिटांत अशा किती येतात? तीन-चार आल्या, प्रत्येक पाऊण ते एक मिनिट टिकली, आणि मधे पोट मऊ झालं, तर उत्तम चाललंय. पाचाच्या वर गेल्या, किंवा एकच कळ दोन मिनिटं सुटत नाही, किंवा मधे पोट सैलच पडत नाही, तर लगेच सिस्टरला बोलवा. डॉक्टर लोक अर्ध्या तासाची सरासरी बघतात, पण तुम्ही अर्धा तास थांबू नका, सांगून टाका. कारण हा प्रश्न फक्त दुखण्याचा नाही. कळ असताना बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं, मधल्या वेळात ते भरून निघतं. बाळालाही तो आराम लागतो.

सांगायचं कसं, तेही शिकून घ्या. "सिस्टर, हिला फार दुखतंय हो!" हे आम्ही दिवसातून शंभर वेळा ऐकतो, कानच बसलेले असतात. त्याऐवजी म्हणा, "सिस्टर, दहा मिनिटांत सहा आल्या, एकदा हात लावून बघता का?" बघा, कशी मान वळते. आकडा ऐकला की सिस्टर उठते.

हे मी कुणाला शिकवायच्या तोऱ्यात सांगत नाहीये, मीही तेच केलंय. नवीन होते तेव्हा कागदावर ऑर्डर असायची, दर अर्ध्या तासाला चार थेंब वाढवा. अर्धा तास का, तर वाढवलेल्या डोसचा पूर्ण परिणाम दिसायला तेवढा वेळ लागतो. ते बरोबरच आहे. पण बाई दहा मिनिटांत चार सुंदर कळा देतेय आणि मी तरी वाढवतेय, कारण कागदावर लिहिलंय! एका सिनियर सिस्टरनी माझा हात धरून पोटावर ठेवला. म्हणाल्या, "कागद नंतर वाच, आधी हे वाच." त्या दिवसापासून चाकीला हात लावायच्या आधी पोटाला हात.

कळा नीट बसल्या की थेंब वाढवत राहायची गरज नसते, कमीही करता येतात, कधी कधी बंदही. डेन्मार्क आणि नेदरलँड्समध्ये १२०० बायकांवर हे करून बघितलं, २०२१ मध्ये छापून आलंय. निम्म्या जणींचं औषध कळा बसल्यावर बंद केलं. सीझरमध्ये फारसा फरक पडला नाही, अतिकळा मात्र कमी झाल्या. वेळ थोडा जास्त लागला, तेही सांगते, नाहीतर म्हणाल ताईंनी अर्धंच सांगितलं. तेव्हा "डॉक्टर, आता कळा चांगल्या येतायत, थेंब आहेत तेवढेच ठेवता येतील का, की कमी करता येतील?" हे विचारण्यात काही उद्धटपणा नाही. नाही म्हणाले तर कारण विचारा. बऱ्याचदा कारण असतं.

आणि आता हात जोडून एक गोष्ट. एका ताईंनी अभिमानाने लिहिलंय, "सिस्टर बाहेर गेल्या तेव्हा मिस्टरांनी हळूच चाकी फिरवून कमी केलं." असं करू नका हो! ती चाकी उलटी सरकली तर धार लागते, काही सेकंदांत. हात पोटावर ठेवा, चाकीवर नाही. सिस्टरनी बंद केलं की त्याचा असर काही मिनिटांतच उतरू लागतो, हाच तर सलाईनचा फायदा. जेल किंवा गोळीचं तसं नाही, गिळलेली गोळी परत काढता येत नाही. म्हणून जेल-गोळीनंतर लगेच पिटोसिन लावत नाहीत, काही तास जाऊ देतात. तिथे "लवकर लावा ना सलाईन" म्हणून नातेवाइकांनी मागे लागायचं नाही.

अजून एक गैरसमज. "मला दुखू नये म्हणून इंजेक्शन दिलं, काही उपयोग झाला नाही." नाव विचारलं तर एपिडोसिन, नाहीतर ड्रोटिन. बाई, ते दुखणं थांबवायचं नाहीच. ते पिशवीचं तोंड सैल पडावं म्हणून देतात. एपिडोसिननं जिभेला कोरड पडते, छातीत धडधडतं, तेव्हा घाबरू नका, सिस्टरला सांगा.

माझं स्वतःचं? विचारताच तुम्ही. एक्केचाळीस आठवडे तीन दिवस. रात्री दहाला जेल, सकाळी पुन्हा जेल, दुपारी पाणमोट फोडून पिटोसिन. 'औषधाविना बाळंतपण' असा काही निर्धार वगैरे नव्हता माझा. मला एपिड्युरल हवंच होतं. रविवार होता आणि भुलीचे डॉक्टर लग्नाला गेले होते, एवढीच ती शूरकथा. तेव्हा ज्यांना मिळतंय आणि हवंय त्यांनी खुशाल घ्या, आणि कमेंटमध्ये "कळा सोसल्या नाहीत ती कसली आई" लिहिणाऱ्यांनी दाढ काढताना भूल न घेता दाखवा.

मी जिथे नोकरी करत होते तिथेच ॲडमिट होते. ओरडले तर माझीच मैत्रीण म्हणाली, "तू सिस्टर असून?" मी म्हटलं, पिशवीला माहीत नाही मी सिस्टर आहे. मला पाठीतच कळा यायच्या, माकडहाडाच्या वर. पलंगावर उताणी असताना तर नकोच. मग सलाईनचा चाकांचा स्टँड धरून उभी राहिले, कपाळ खिडकीच्या कठड्यावर टेकवलं, आणि आईने मागून दोन्ही अंगठे कमरेच्या त्या दोन खळग्यांत रुतवले. कळ चढायला लागली की आईच्या बांगड्या खळकन वर सरकायच्या. कळ उतरली की खाली. शेवटी शेवटी मी घड्याळ सोडून बांगड्याच ऐकत होते. आणि मोजत कोण होतं? आईच. तिला ना बिशप स्कोर माहीत, ना मिलियुनिट. "आता पाचवी आली गं, अजून दहा मिनिटं झाली नाहीत," असं ती म्हणाली आणि मैत्रिणीने येऊन थेंब कमी केले. पुढच्या कळेआधी मी चक्क पेंगले. दीड मिनिट असेल. आयुष्यातली सगळ्यात चांगली झोप.

बाकी उपाय तुम्हाला माहितीयेत. गरम पाण्याची पिशवी, मोठ्या चेंडूवर बसून डुलणं, दर दोन तासांनी लघवीला जाणं, कारण भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याला आडवं येतं. बाळाचे ठोके बघायच्या मॉनिटरचे पट्टे लावलेले असले तरी कुशीवर वळता येतं, खाटेशेजारी उभं राहता येतं, विचारा फक्त. ओरडायचं तर जाड आवाजात, पोटातून, चिरका आवाज काढला की जबडा आणि खालचं अंग दोन्ही आवळतात. आणि पिशवीचं तोंड सात-आठ सेंटीमीटरच्या पुढे उघडलं की अंग थरथरेल, उलटी होईल, "मी घरी जाते" म्हणाल. मी चप्पल शोधत होते! पुष्कळदा शेवट जवळ आल्याची खूण असते ती.

सोबत मात्र भांडून मिळवा. एक जण सतत जवळ असलं तर औषधही कमी लागतं आणि सीझरही कमी होतात, पंधरा हजारांहून जास्त बायकांच्या अभ्यासांतून दिसलंय. सरकारी दवाखान्यांतही बाईबरोबर सोबतीण असू द्यावी असं केंद्राचं धोरण आहे. "आत कुणाला घेत नाही" म्हणाले तर हे सांगा, नम्रपणे, पण सांगा. आणि जी आत येणार तिला हा व्हिडिओ आधी दाखवा, नाहीतर ती आत येऊन तुमच्याआधी रडेल.

थांबा, बादली भरत आली. (चाकी बंद करते)

हां, "आईला किती वेळ दाबावं लागलं" असं विचारलं होतं कुणीतरी मागे. दुपारी एकपासून संध्याकाळी सहा चाळीसपर्यंत. दुसऱ्या दिवशी तिचे दोन्ही अंगठे टम्म सुजले होते, डिंकाचे लाडू शेजारच्या काकूंनी वळले.