‘कुंकू’मधलं घड्याळ : व्ही. शांताराम

(पडद्यावर : तुतारी फुंकणारी स्त्री, प्रभातचं बोधचिन्ह)

ही तुतारी आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला चांगलीच ओळखीची. प्रभात फिल्म कंपनी. 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात सुरू झाली. भागीदार पाच. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर, भांडवल उभं करणारे सीतारामपंत कुलकर्णी आणि सगळ्यांत पुढे धावणारा एक तरुण, शांताराम राजाराम वणकुद्रे. पुढे महाराष्ट्र त्यांना शांतारामबापू म्हणू लागला.

शाळा-कॉलेजातून आलेला हा दिग्दर्शक नव्हे. लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत होता, मग बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. तिथे पडेल ते काम करायचं. त्यातूनच सिनेमा कसा घडतो, हे हाताला कळलं. म्हणून यंत्राकडे बघताना त्यांना नेहमी एकच प्रश्न पडायचा, की याच्याकडून गोष्ट कशी सांगून घेता येईल?

(पडद्यावर : ‘अमृतमंथन’, राजगुरूचा डोळा)

1933 साली प्रभात पुण्याला आली. पुढच्याच वर्षी ‘अमृतमंथन’. चंद्रमोहन यांनी साकारलेला राजगुरू नरबळीसाठी हटून बसलाय. बापूंनी टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स लावली आणि त्याचा एकच डोळा अख्ख्या पडद्यावर आणला. धर्मांधता कशी दिसते, ते त्या एका डोळ्यानं सांगितलं. संवादाची गरजच उरली नाही.

पण आपल्याला खरं थांबायचंय ते 1937 मध्ये. ‘कुंकू’.

कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरची. मामा पैसे घेऊन नीराचं लग्न एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतो. नीरा सासरी येते खरी, पण हे लग्न मानायला साफ नकार देते. शांता आपटे नीरा, केशवराव दाते काकासाहेब. जरठकुमारी विवाह तेव्हा घराघरात चालत होते, आणि ही मुलगी घरच्यांच्या तोंडावर सांगत होती, मला हे मान्य नाही.

(पडद्यावर : भिंतीवरचं घड्याळ. निवेदन क्षणभर थांबतं. फक्त टिकटिक.)

ऐकलंत? या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. केशवराव भोळ्यांसारखा संगीतकार हाताशी असताना बापूंनी ठरवलं, की प्रसंगात जे वाजतंय तेवढंच ऐकू येईल. ग्रामोफोन लागला तर गाणं, नाहीतर घरातले आवाज. दुःखाच्या जागी सारंगी नाही, धक्क्याच्या जागी ढोल नाही. प्रेक्षकाला कुठे रडायचं हे कोणी सांगत नाही, त्यामुळे नीराचा संताप थेट अंगावर येतो. आणि ते घड्याळ! काकासाहेबांचं सरत चाललेलं वय त्यात वाजत राहतं. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. एवढ्यात शांततेचा असा वापर करायला जबरदस्त धाडस लागतं.

दोन वर्षांनी ‘माणूस’. ‘देवदास’ देशभर गाजून गेला होता. प्रेमभंगानं स्वतःला संपवणारा नायक बापूंना मुळीच पटला नाही. त्यांनी साधा पोलीस शिपाई गणपत आणि वेश्यावस्तीतली मैना उभी केली. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. ‘कशाला उद्याची बात’ आपण आजही गुणगुणतो. प्रेम हरतं, पण गणपत जगायला परत जातो.

मग 1941, ‘शेजारी’. हिंदू-मुसलमान दोन मित्र. हिंदी आवृत्तीत, म्हणजे ‘पडोसी’त, हिंदू ठाकूर साकारला मझहर खान यांनी आणि मुसलमान मिर्झा साकारला गजानन जागीरदारांनी. त्या दिवसांत ही भूमिकांची अदलाबदलच केवढं मोठं विधान होतं!

चार-पाच वर्षांत हे तीन चित्रपट. आमच्या मते बापूंच्या कारकिर्दीचं शिखर हेच.

1942 मध्ये प्रभात सुटली. मुंबईत परळला ‘राजकमल कलामंदिर’ उभं राहिलं. वडील राजाराम, आई कमल, त्यांच्या नावांवरून राजकमल. ‘शकुंतला’, सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांवरचा चित्रपट, ‘अमर भूपाळी’, रंगांनी न्हालेला ‘झनक झनक पायल बाजे’. वैभव वाढलं. ‘कुंकू’तली ती करकरीत शिस्त मात्र क्वचितच परत दिसली.

परत दिसली ती 1957 साली, ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये.

(पडद्यावर : माळरान, सहा कैदी, एक जेलर)

कथा गदिमांची. मूळ प्रेरणा औंध संस्थानातल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाची. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर. तो जेलर बापूंनी स्वतः केला. बैलाशी झुंजीचं दृश्यही स्वतःच केलं, त्यात डोळ्यांना गंभीर इजा झाली आणि काही काळ पट्टी बांधून काढावा लागला. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ‘रौप्य अस्वल’ हा पुरस्कार मिळाला.

1985 साली बापूंना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. पण त्यांची ओळख नव्या प्रेक्षकाला ‘नवरंग’च्या नाचांनी किंवा ‘पिंजरा’च्या लावण्यांनी होते, आणि तिथेच थांबते. तसं करू नका. आधी ‘कुंकू’ बघा. रात्री, घरातला पंखा बंद करून, आवाज थोडा वाढवून.