आईचे चार वाफे

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार. गव्हाला युरिया किती द्यायचा, हे आपल्याला पाठ आहे. टाकल्यावर त्याचं काय होतं, ते आज बोलू.

एका वर्षी वडिलांनी आमच्या काळ्या रानात २१ दिवसांच्या गव्हाला युरिया फोकला, म्हणजे हातानं विखरून टाकला. वर ओल होती, पाणी त्याच रात्री द्यायचं होतं. पण डीपी जळाली आणि सहा दिवस वीज नाही. फोकणी झाली त्याच दुपारी आईनं बांधाकडचे चार वाफे खुरपले होते. मग अंगावर ताप आला आणि बाकीचं राहिलं. पंधरवड्यानं पाहिलं, तर ते चार वाफे काळेशार हिरवे आणि उरलेलं रान फिकं. वडील म्हणाले, "तिकडं जास्तीचं खत टाकलंस." आई म्हणाली, "गोणीला हात तरी लावला का मी? नुसतं खुरपलं." बी एकच, फोकणारा हात एकच, पाणीही एकाच दिवशी मिळालेलं. फरक होता तो युरियावर आलेल्या दोन बोटं मातीचा.

सकाळी गोठ्यात नाकाला झोंबतो, तो अमोनिया. ओल्या मातीवर उघडा पडलेला युरिया तोच वायू होऊन उडतो; चुनखडीच्या रानात जास्तच. मातीआड गेला, तर त्याचं अमोनियम होतं आणि चिकणमाती ते धरून ठेवते. पुढं जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. गहू ते आवडीनं घेतो, पण माती ते धरत नाही. पाणी जास्त झालं की ते मुळांखाली निघून जातं, रान तुंबलं की वायू होऊन जातं. युरियावरच्या कडुनिंबाच्या लेपानं हे नायट्रेट होणं मंदावतं. उघड्यावरचं उडणं मात्र थांबत नाही. पुन्हा सांगतो, उघड्यावरचं उडणं थांबत नाही.

४५ किलोच्या युरियाच्या गोणीत नत्र, म्हणजे नायट्रोजन, जेमतेम २१ किलो. म्हणून अर्धं नत्र पेरताना मातीआड, अर्धं २१ दिवसांनी, मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडाची मुळं, फुटताना. फोकलं की लगेच पाणी, म्हणजे युरिया मातीआड जातो; तेही हलकं. वीज नसेल, तर फोकू नका. फोकून झालंच असेल, तर खुरपं घ्या. १५ नोव्हेंबरला पेरलेल्यांचे २१ दिवस ६ डिसेंबरला भरतात. त्या दिवशी वीज कधी आहे, तेवढं आधी विचारून ठेवा. नमस्कार.