जूनमधले हातमोजे

(पडद्यावर: पहाटेचा राखाडी रस्ता. पावलांचा आवाज. संगीत नाही.)

७ जून १८१६. अमेरिकेतलं कनेटिकट राज्य. एक तरुण सुतार कामावर निघालाय. अंगात जाड लोकरीचे कपडे, वरून ओव्हरकोट, हातात हत्यारं. घरापासून मैलभर आला असेल-नसेल, बोटं इतकी गारठली की हत्यारं धरवेनात. त्यानं ती खाली ठेवली, खिसा चाचपला आणि हातमोजे काढून चढवले.

जून महिना, आणि हातमोजे खिशात तयार! हिवाळा संपला म्हणून ते काढून पेटीत ठेवायची वेळ त्या वर्षी बहुधा आलीच नव्हती.

त्या दिवशी तासभर बर्फ पडला. तीन दिवसांनी त्याच्या बायकोनं रात्रभर बाहेर पसरलेले कपडे आत आणले, तर ते ऐन हिवाळ्यातल्यासारखे गोठून कडक झालेले. या माणसाचं नाव चॉन्सी जेरोम. पुढे घड्याळांच्या धंद्यात त्यानं नाव काढलं, पैसा कमावला, घालवलाही. चव्वेचाळीस वर्षांनी म्हातारपणी आठवणी लिहायला बसला, तेव्हा तो जून त्याला तारखांनिशी आठवत होता.

(पडद्यावर: ढगांनी भरलेलं आकाश. शीर्षक.)

उन्हाळा थंड गेला म्हणून कुणी खंत करतं, हे मराठी कानाला जरा लाडावल्यासारखं वाटतं. आपण उन्हातून सावलीत जाणारी माणसं. ऊन लागतं, ऊन बाधतं, ऊन उतरायची वाट बघावी लागते. आपल्या भाषेत उन्हाशी जोडलेली बरीच क्रियापदं तक्रारीचीच आहेत. पण जिथे वर्षातले सहा-सात महिने अंगावर कोट असतो, तिथे उन्हाळा हा पगारासारखा असतो. वर्षभराची उधारी त्यावर फेडायची असते. तो आलाच नाही, तर?

१८१६ साली तो आला नाही. पश्चिम युरोपात आणि उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात त्या वर्षाला आजही ‘उन्हाळा नसलेलं वर्ष’ म्हणतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं उन्हाळा म्हणजे दोन गारठ्यांच्या मधली फट. वसंतातला शेवटचा हिमतुषार आणि शरदातला पहिला, यांच्यामध्ये जेवढे दिवस मिळतील तेवढ्यात पेरायचं, वाढवायचं, कापायचं. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या राज्यांच्या, उत्तर भागात मका या फटीत जेमतेम बसतो. त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला पीक गोठून गेलं. लोकांनी पुन्हा पेरलं. जुलैत पुन्हा गोठलं. ज्यांच्याकडे बियाणं उरलं होतं, त्यांनी आणखी एकदा हात चालवून पाहिला. ऑगस्टच्या थंडीनं तेही नेलं. नुकतीच लोकर कातरलेली मेंढरं जूनच्या बर्फात गारठून मेली, आणि कातरलेली लोकर त्यांच्या अंगाला परत बांधायची धडपड लोकांनी केली, असं सांगतात. मला या सगळ्या कहाणीत हेच चित्र सगळ्यात जास्त छळतं. कापलेली लोकर हातात घेऊन उभा असलेला माणूस.

(पडद्यावर: समुद्र. दूरवर डोंगर. खोल, बोथट गडगडाट.)

या थंडीचं मूळ होतं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, आणि आदल्या वर्षी. आजच्या इंडोनेशियात सुंबावा बेटावर तांबोरा नावाचा ज्वालामुखी आहे. एप्रिल १८१५च्या पहिल्या आठवड्यात तो धडधडू लागला. जावा बेटावर तेव्हा ब्रिटिशांचा अंमल होता आणि स्टॅमफर्ड रॅफल्स तिथे लेफ्टनंट गव्हर्नर होता. शेकडो मैलांवरून आलेला तो आवाज तिथे तोफांचा वाटला. जवळच्या ठाण्यावर हल्ला झाला, असं समजून योग्यकार्ताहून सैन्याची तुकडी निघाली. एखादं जहाज संकटात असेल म्हणून किनाऱ्यावर होड्या धाडल्या गेल्या. १० एप्रिलला खरा स्फोट झाला. सुमारे ४,३०० मीटर उंचीचा डोंगर २,८५० मीटरवर आला. बेटावर आणि आसपास हजारो माणसं मेली, त्यातली बरीचशी नंतरच्या उपासमारीनं.

आपण समजतो की राखेनं सूर्य झाकला. तसं नाही. राख जड असते, काही दिवस-आठवड्यांत ती खाली बसते. खरं काम केलं गंधकाच्या वायूनं. पाऊस जिथे पोचत नाही त्या उंचीवर, म्हणजे स्थितांबरात, तो गेला आणि पाण्याच्या वाफेशी मिळून त्याचे गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब झाले. तिथे त्यांना धुऊन काढणारं काही नसतं. एक-दोन वर्षं ते पृथ्वीभोवती पातळ पडद्यासारखे तरंगत राहतात आणि सूर्याचा थोडा प्रकाश परत अवकाशात उडवून लावतात.

किती थोडा? जगाचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशानं उतरलं. ऐकताना हसू येतं. पण सरासरी ही मोठी फसवी गोष्ट. पश्चिम आणि मध्य युरोपाच्या काही भागांत तो उन्हाळा दोन-तीन अंशांनी थंड होता, आणि पाऊस थांबत नव्हता. शेतातलं धान्य उभ्या-उभ्या कुजत होतं.

आणि हे का होतंय, हे कुणालाच माहीत नव्हतं. हवेतल्या धुरकटपणामुळे सूर्य इतका फिका दिसायचा की त्यावरचे डाग नुसत्या डोळ्यांनी दिसत. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या: सूर्यच विझत चाललाय. १८ जुलैला तो कायमचा विझणार, असं भाकीत इटलीतल्या बोलोन्याहून निघालं आणि युरोपभर पसरलं, लोकांनी धास्ती घेतली. १९ तारखेला सूर्य उगवला. तसाच फिका.

ज्वालामुखीच्या धुरानं हवा थंड होत असावी, अशी शंका बेंजामिन फ्रँकलिननं आइसलँडच्या १७८३च्या उद्रेकानंतरच मांडली होती. पण १८१६ची थंडी आणि तांबोरा यांची गाठ नीट बसायला विसावं शतक उजाडावं लागलं. जेरोम तर केव्हाच गेला होता.

(पडद्यावर: तळ्याकाठचं घर, खिडकीवर पावसाचे ओघळ.)

या वर्षाची एक गोष्ट सगळेच सांगतात, म्हणून मी भराभर सांगतो. जिनिव्हाच्या तळ्याकाठी इंग्रज कवी लॉर्ड बायरननं व्हिला भाड्यानं घेतला होता. शेजारी कवी शेली आणि अठरा वर्षांची मेरी. पाऊस बाहेर पडू देईना, तेव्हा शेकोटीपाशी बसून प्रत्येकानं एक भुताची गोष्ट लिहायची असं ठरलं. मेरीची गोष्ट १८१८ साली ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हणून छापली गेली. बायरनचा तरुण डॉक्टर पॉलिडोरी याच्या हातून रक्तपिपासू उमरावाची कथा आली.

खराब उन्हाळ्याचं सोनं कसं करावं, याचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला ते अर्धंच पटतं. त्यांच्याकडे जळण होतं, भाडं भरायला पैसे होते, आणि त्यांचा घास त्या उन्हावर पिकत नव्हता. त्याच स्वित्झर्लंडात, शेजारच्या जर्मन मुलुखात १८१७ साली लोक पिठात लाकडाचा भुसा आणि गवत मिसळून पाव भाजत होते. ऱ्हाईन नदीनं खाली डच बंदरांकडे अमेरिकेच्या आशेनं कुटुंबंच्या कुटुंबं निघाली होती. आणि तिकडे अमेरिकेत व्हरमाँटचे शेतकरी गाड्या भरून पश्चिमेला ओहायोकडे चालले होते. एकाच पडद्याखालची दोन माणसं एकमेकांच्या देशात ऊन शोधत होती.

दक्षिण जर्मनीतल्या वुर्टेमबर्ग राज्यात राजा विल्हेल्म पहिला आणि राणी कातारिना नुकते गादीवर आले होते. दुष्काळ सरल्यावर, १८१८ साली, होहेनहाइमला त्यांनी शेतीचं शिक्षण देणारी संस्था काढली. ती आज विद्यापीठ आहे. त्याच वर्षी कानश्टाटला शेतीचा मेळा भरवला. तोही अजून भरतो, फक्त आता तिथे जाणाऱ्यांच्या डोक्यात शेती फारशी नसते.

(पडद्यावर: हिमनदी. ठिबकणारं पाणी. कॅमेरा हळूहळू वर.)

पण मला ज्याच्यासाठी ही फिल्म करावीशी वाटली, तो माणूस वेगळाच. स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतातला सरकारी अभियंता, इग्नाझ व्हेनेत्झ.

तिथल्या बान्य खोऱ्यात डोंगराच्या कड्यावर जिएत्रो नावाची हिमनदी आहे. तिचे तुकडे कोसळून खाली द्रान्स नदीच्या पात्रात पडायचे आणि एरवी उन्हाळ्यात विरघळून जायचे. लागोपाठच्या थंड उन्हाळ्यांत ते विरघळेनात. ढीग वाढत गेला, खोऱ्याच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत पोचला, आणि १८१८च्या वसंतात त्या बर्फाच्या बांधामागे प्रचंड तळं तुंबलं. खाली गावं.

व्हेनेत्झनं बर्फातून बोगदा खणायला घेतला. पाण्याच्या पातळीपेक्षा वर, दोन्ही बाजूंनी, डोक्यावर हिमनदीचे कोसळणारे तुकडे. पाणी चढून बोगद्याशी येण्याआधी तो पलीकडे निघायला हवा होता. जूनच्या मध्यावर तो निघाला, पाणी त्यातून वाहू लागलं, तळं उतरू लागलं. मग १६ जूनला बांधच फुटला. सुमारे चाळीस माणसं दगावली. तळं काठोकाठ असताना तो फुटला असता, तर काय झालं असतं याचा हिशेब करायला नको.

याच खोऱ्यात जाँ-पिएर पेरोदँ नावाचा शिकारी राहायचा. खडकांवरचे ओरखडे आणि भलत्याच जागी पडलेले धोंडे बघून तो म्हणायचा, या हिमनद्या पूर्वी फार खालपर्यंत आल्या असल्या पाहिजेत. शिकलेल्या लोकांनी ते हसण्यावारी नेलं. व्हेनेत्झनं नेलं नाही. बर्फ पुढे सरकताना काय करतो ते त्यानं जवळून पाहिलं होतं. त्यानं शार्पांतिए या खाण-अधिकाऱ्याला पटवलं, शार्पांतिएनं निसर्गशास्त्रज्ञ लुई आगासीला, आणि १८३७ साली आगासीनं हिमयुगाची कल्पना विद्वानांच्या सभेत मांडली. नाव आगासीचं झालं. खणणारा मागे राहिला. असो.

(पडद्यावर: आजचा दिवस. खिडकी. बाहेर एकसारखा पांढरट उजेड.)

आता आजचं. दर मंद, थंड उन्हाळ्यामागे ज्वालामुखी नसतो. बहुतेक वेळा दोष वरच्या वाऱ्यांचा असतो. आठ-दहा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान झोत नागमोडी असतो, आणि कधीकधी त्याची वळणं एकाच जागी अडकून बसतात. वळणाच्या एका बाजूला आठवडेच्या आठवडे कडक ऊन, दुसऱ्या बाजूला समुद्रावरून येणारे ढग. शेजारच्या देशात लोक उकडून निघतायत आणि आपण स्वेटरमध्ये, हे अन्यायाचं वाटतं. पण ते एकाच वळणाचे दोन काठ असतात. २७ जूनला जशी हवा, तशी पुढचे सात आठवडे, अशी जर्मनीत जुनी म्हण आहे. दिनदर्शिका बदलल्यामुळे ती तारीख खरं तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात पडायला हवी, आणि त्या सुमाराला झोत बऱ्याचदा एका जागी स्थिरावतो. म्हण अगदीच हवेत नाही.

अशा उन्हाळ्यात माणूस सुस्तावतो. त्यात आळसाचा भाग थोडा, उजेडाचा जास्त. हे बघा.

(पडद्यावर: हातात लाइट मीटर. आधी खोलीत, मग दाराबाहेर.)

उजेड मोजायचं एकक लक्स. दिवे लावलेल्या खोलीत साधारण ३०० ते ५०० लक्स. स्वच्छ उन्हात एक लाखाच्या आसपास. आणि या मळभात, जिला आपण अंधारलेली दुपार म्हणतोय, तिच्यात काही हजार. डोळा जुळवून घेतो म्हणून फरक कळत नाही, पण मीटरला कळतो. खराब दिवसाचं आकाशसुद्धा घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पटींनी उजळ असतं. शरीराचं घड्याळ लावणाऱ्या पेशी डोळ्यातच असतात, आणि त्या ऊब मोजत नाहीत, उजेड मोजतात. हिवाळ्यातल्या उदासीवर सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसवतात, ते याच हिशेबानं. म्हणजे ऊन पडलं की जाऊ, असं म्हणून घरात बसणारा माणूस जे आहे तेही घालवतो. कोट घालून सकाळी बाहेर पडलेल्याला निदान तेवढं मिळतं. (उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर मात्र फिरणं पुरत नाही, डॉक्टर गाठावा.)

बाग असणाऱ्यांसाठी जाता जाता: टोमॅटो हिरवेच राहिले म्हणून वाया गेले असं नाही. पिकायला त्यांना उन्हापेक्षा ऊब लागते. काढून घरात, पिकलेल्या केळ्याशेजारी ठेवा.

(पडद्यावर: मोकळं मैदान. जमिनीत ठोकलेली खुंटी.)

जेरोमच्या आठवणीत आणखी एक दिवस आहे. ४ जुलै १८१६, सुट्टीचा दिवस, भर दुपार. त्यानं काही माणसं खेळताना पाहिली. लोखंडी कड्या लांबून खुंटीवर फेकायचा खेळ. ऊन लख्ख पडलं होतं, असं त्यानं मुद्दाम नोंदवलंय. आणि सगळ्यांच्या अंगात जाड ओव्हरकोट होते.

(कडी खुंटीवर आदळल्याचा आवाज. अंधार.)