अमेरिकेचं पत्र आणि त्यातली हुंडी

नमस्कार श्रोतेहो. १८४५ साली आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला. पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि तापानं गेली, आणि त्याहून जास्त माणसांनी देश सोडला. त्यातली बहुतेक अमेरिकेला गेली. मागे राहिलेली घरं मग ‘अमेरिकेच्या पत्रा’वर डोळे लावून बसू लागली. पत्र आलं म्हणजे आत पैसे असणारच, असं धरलेलं. हे पैसे न्यूयॉर्कहून पश्चिम आयर्लंडच्या मेयो काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, एखाद्या वाडीपर्यंत पोचायचे कसे, ते आज पाहू.

पाकिटात नोटा घालून पाठवायच्या म्हटलं, तर अमेरिकेत तेव्हा नोटा शेकडो वेगवेगळ्या बँका छापत. त्या मेयोत घेणार कोण? म्हणून हुंडी, म्हणजे अमुक माणसाला इतके पैसे द्या असा पेढीवरचा लेखी हुकूम. न्यूयॉर्कमध्ये १८४१ साली आयरिश एमिग्रंट सोसायटी निघाली आणि तिच्याच मंडळींनी १८५० साली चेंबर्स स्ट्रीटवर एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक उघडली. सोसायटी बँक ऑफ आयर्लंडवरच्या हुंड्या विकायची; दर्शनी, म्हणजे दाखवताच पैसे.

हुंडणावळीचा, म्हणजे डॉलरचे पौंड करण्याच्या दराचा, हिशेब चमत्कारिक होता. कागदोपत्री पौंड ४.४४ डॉलरचा धरायचा आणि त्यावर शेकडा साधारण साडेनऊ चढवायचे. पौंड पडे सुमारे ४.८६ डॉलरला. म्हणजे पाच पौंडांच्या हुंडीला २४ डॉलर ३० सेंट. घरकाम करणाऱ्या मुलीला खाऊनपिऊन महिना सहा-सात डॉलर मिळत असतील, तर ही साडेतीन-चार महिन्यांची पूर्ण कमाई झाली.

सगळ्यात जास्त घोळ व्हायचा तो नावाचा. आयर्लंडमध्ये साठ हजारांवर टाउनलँड, म्हणजे आपल्या वाड्यांसारखे छोटे भाग, आणि एकच नाव कितीतरी काउंट्यांत. त्यातून एकेका पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या भागात, मेरी मर्फी चार-पाच. ‘मेरी मर्फी, काउंटी कॉर्क’ एवढ्यावर हुंडी वटली तर नशीब. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, ती विधवा असेल तर तसा उल्लेख, मग टाउनलँड, पॅरिश, काउंटी आणि जवळचं टपालाचं गाव, इतकं सांगावं लागे. आयरिश बोलणाऱ्या भागात माणूस बापा-आजाच्या नावानं ओळखला जायचा आणि कागदावर त्याचं इंग्रजी नाव वेगळंच. हुंडीवर कुठलं घालायचं, हे घरून आधी विचारून घेतलेलं बरं. सही येत नसेल तर साक्षीदारासमोर फुली.

जहाज बुडालं तर? त्याचीही सोय होती. एकाच हुंडीच्या दोन प्रती करायच्या. पहिलीवर मजकूर असे, की दुसरी वटली नसेल तरच हिचे पैसे द्यावेत. दुसरीवर पहिलीबद्दल तेच. दोन्ही वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायच्या. आपल्या सराफी पेढ्यांवर हुंडी हरवली तर ‘पेठ’, म्हणजे दुसरी प्रत, करून देत आणि तीही गेली तर ‘परपेठ’. तिकडे पेठ आधीच तयार असायची.

टपालाचा दर १८४९ पासून अर्ध्या औंसाला २४ सेंट. कागद पातळ घ्यायचा, कारण वजन वाढलं की दर दुप्पट. तिकिटं कमी पडली तर लावलेलीही धरत नसत. पूर्ण दर, म्हणजे एक शिलिंग (पौंडाचा विसावा भाग), घेणाऱ्याकडून वसूल व्हायचा, म्हणजे मजुराची दिवसभराची मजुरी तरी.

पत्राची सुरुवात ठरलेली: मी इथे देवकृपेनं बरा आहे, तुम्हीही बरे असाल अशी आशा. ‘इकडील सर्व क्षेम’ लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. त्याखाली पैशांची वाटणी. १ नोव्हेंबरला जमिनीचा खंड भरायचा, दुसरा हप्ता १ मेला. दुकानदाराची उधारी इतकी, आईला जोडे, उरलेलं बहिणीसाठी. पण घरी वाचता येणारं कुणी नसलं तर मास्तर किंवा पाद्री मोठ्यानं वाचणार, आणि शेजारी ऐकणार. या पत्रांत आजारपण आणि बेकारी कमी दिसते, त्यामागे हे मोठं कारण असावं.

आपल्या कोकणात पोस्टमन मनीऑर्डर दारात आणून द्यायचा आणि खालच्या तुकड्यावर दोन ओळींची खुशाली असायची. आयर्लंडात मात्र म्हातारीला बँकेच्या गावापर्यंत चालत जावं लागे. म्हणून उलट टपाली पोच हवीच: किती पौंड, कुठल्या तारखेला, कुणाच्या हातात. पोच आली नाही, तर पैसे पोचले की नाही हे न्यूयॉर्कला कळायचं कसं?

सरकारी वसाहत आयुक्तांच्या अंदाजात १८४८ साली असे ४,६०,००० पौंड आले आणि १८५४ साली १७,३०,०००. पाकिटातून गुपचूप आलेली रोकड यात नाही.

यातला मोठा वाटा पुढच्या भावंडाच्या प्रवासाचा. पुष्कळ जण रोख पाठवण्याऐवजी न्यूयॉर्कमध्येच लिव्हरपूलपासूनचं तिकीट काढून ते धाडत. पैसे खंडात मुरायची भीती नाही. पण नुसत्या तिकिटावर मुलगी निघू शकत नसे. डब्लिन किंवा कॉर्कहून लिव्हरपूलचं भाडं, जहाज सुटेपर्यंतची खोली, गवताची गादी, टिनचं भांडं, पेला आणि चमचा तिचा तिनं न्यायचा. त्यासाठी तिकिटाबरोबर एक पौंडाची वेगळी हुंडी, तिच्याच नावाची. आणि घरून आयत्या वेळी तिच्याऐवजी भाऊ निघणार असेल, तर ते आधी कळवायचं, कारण तिकिटावर नाव तिचं असे.